धक्क्याचा धनी कोण?

मित्रहो, १० ऑक्टोबर २०२१ची न्यूरेंबर्गची शर्यत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ती आठवली की अजूनही आवाज चढतात. डीटीएम या जर्मनीतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेची ती हंगामातली शेवटची फेरी होती. नोरिसरिंग हा तिथला जेमतेम २.३ किलोमीटरचा रस्त्यावरचा ट्रॅक. गुणतक्त्यात फेरारी चालवणारा न्यूझीलंडचा लियाम लॉसन पुढे होता. पहिल्याच तीव्र वळणावर ऑडीतल्या केल्विन व्हॅन डर लिंडेने आतल्या बाजूने गाडी घुसवली आणि लॉसनवर आदळवली. लॉसनचं विजेतेपद तिथेच गेलं. शेवटी मर्सिडीजच्या लुकास आउअर आणि फिलिप एलिस यांनी आपल्याच ब्रँडच्या मॅक्सिमिलियन ग्योट्झला वाट करून दिली. ग्योट्झ शर्यत जिंकला आणि तीन गुणांनी हंगामाचा विजेता ठरला. बंगळुरूचा अर्जुन मैनी त्या वर्षी याच मालिकेत मर्सिडीज चालवत होता, म्हणून आपल्याकडेही ती शर्यत जरा जास्त आस्थेने पाहिली गेली.

त्यानंतर चाहत्यांत जो वाद पेटला त्यात दोन बाजू होत्या. एक म्हणते, व्हॅन डर लिंडेसारख्यांचा परवाना काढून घ्या. दुसरी म्हणते, टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाडीवरून बनवलेली शर्यतीची गाडी, म्हटली की धक्का आलाच, नाजूक मनाच्यांनी दुसरं काही पाहावं. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. दोघंही फक्त स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघतात. धक्का मारल्याने लाभ कोणाला होतो, आणि तो मारायची वेळ चालकावर कोण आणतं, हे विचारल्याशिवाय चालकाच्या वागणुकीवर न्याय करता येत नाही. या खेळाचं पुढे काय होणार, हा प्रश्नही मला त्याच प्रश्नात अडकलेला दिसतो.

आधी धक्क्याबद्दल. फॉर्म्युला गाडीची चाकं उघडी असतात. चाकाला चाक लागलं तर गाडी हवेत उडू शकते, म्हणून तिथे स्पर्श हाच धोका. टूरिंग कारची चाकं पत्र्याच्या आत असतात. बंपर घासला, आरसा तुटला, दार चेपलं, तरी शर्यत चालू राहते. कबड्डीत अंगाला अंग लागणारच; पण म्हणून कोणी गुडघ्यावर लाथ मारली तर पंच गप्प बसत नाही. टूरिंग कारमध्येही वळणाच्या मध्यावर दारं घासणं वेगळं, आणि ब्रेक मारायची जागा उलटून गेल्यावर समोरच्या गाडीचाच ब्रेक म्हणून वापर करणं वेगळं. अनुभवी प्रेक्षकाला हा फरक पहिल्याच रीप्लेमध्ये कळतो.

पण वागणुकीचा खरा गुंता त्यापुढे आहे. नोरिसरिंगला व्हॅन डर लिंडे स्वतःच्या विजेतेपदासाठी घुसला. ते चूक होतं, पण हिशेब सरळ होता: लाभ झाला असता तर त्याचा, आणि दोषही त्याचा. याउलट १९९२ची सिल्व्हरस्टोनची शर्यत घ्या. ब्रिटिश टूरिंग कार मालिकेचा शेवटचा दिवस. व्हॉक्सहॉलचा जॉन क्लीलँड, टोयोटाचा विल हॉय आणि बीएमडब्ल्यूचा टिम हार्वे, तिघांनाही जिंकायची संधी. हार्वेचा साथीदार स्टीव्ह सोपर शर्यतीच्या सुरुवातीलाच मागे पडला होता, तरी तो वाट काढत पुढे आला आणि क्लीलँडच्या आडवा आला. दोघांच्या धडका झाल्या, अखेर दोन्ही गाड्या बाहेर गेल्या, आणि चौथा आलेला हार्वे विजेता झाला. क्लीलँड कॅमेऱ्यासमोर सोपरबद्दल ‘हा माणूस जनावर आहे’ असं म्हणाला. ब्रिटनमध्ये त्या शेवटच्या फेऱ्यांवर आजही वाद होतात. सोपरच्या हाती त्या दिवशी स्वतःसाठी काही लागायचं नव्हतं. तो साथीदारासाठी लढत होता. त्याला दोष देताना आपण त्याच्या संघाबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता तिसरी पायरी, २ ऑगस्ट २०१५, ऑस्ट्रियातला रेड बुल रिंग. इथे मी जरा थांबणार आहे, कारण अख्खा आजार या एका प्रसंगात उघडा पडतो. मर्सिडीजच्या रॉबर्ट विकन्सने आपल्या पास्काल वेरलाइनला पुढे जाऊ दिलं आणि मागच्या ऑडीतल्या टिमो शायडरला अडवून धरलं. वेरलाइन विजेतेपदाच्या शर्यतीत होता, म्हणजे हा संघाचा डाव होता. तेवढ्यात ऑडीच्या रेसिंग विभागाचे प्रमुख वोल्फगांग उलरिश यांचा आवाज रेडिओवर आला: ‘टिमो, ढकल त्याला बाहेर.’ जर्मनीतल्या घराघरांत टीव्हीवर तो ऐकू गेला. शायडरची गाडी विकन्सला लागली, विकन्सची वेरलाइनला, आणि दोन्ही मर्सिडीज खडीत गेल्या. रेडिओ चालू आहे हे माहीत नव्हतं, असं उलरिश यांचं म्हणणं होतं. ऑडीला दोन लाख युरो दंड झाला, उलरिश यांना उरलेल्या हंगामात पिट लेनमध्ये, म्हणजे संघ जिथून गाड्या सांभाळतात तिथे, येण्यास बंदी झाली, शायडरचा त्या शर्यतीतला निकाल गेला आणि पुढच्या फेरीलाही त्याला बाहेर बसावं लागलं.

त्या वेळी चाहत्यांचा राग शायडरवरच होता. पण त्याच्या जागी स्वतःला बसवून बघा. हेल्मेटच्या आत, कंपनीचा पगार घेणारा माणूस, आणि कानात रेसिंग विभागाच्या सर्वोच्च साहेबाचा आवाज. त्याने आदेश मानला की फक्त ब्रेक चुकला, हे त्यालाच माहीत. पण ज्या खेळात असा आवाज कानात येऊ शकतो, तिथे ‘चालकाचं चारित्र्य’ एवढ्यावर बोलून थांबणं मला अन्यायाचं वाटतं. आणि विकन्सने शायडरला अडवलं तेही कंपनीसाठीच, हे त्या दिवशी फार थोड्या लोकांच्या तोंडी आलं.

धक्का न मारताही हेच करता येतं. २०१९च्या ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांचा वेग कमी ठेवणारी गाडी) आली तेव्हा पेन्स्के संघाच्या फॅबियन कूल्थार्डने मागच्यांचा वेग मुद्दाम रोखला. रेडिओवर ट्रॅकवर मोडतोड पडल्याचं कारण दिलं गेलं. त्याचा फायदा साथीदार स्कॉट मॅक्लॉफ्लिनला झाला. संघाला अडीच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, त्यातला एक लाखाचा हिस्सा स्थगित ठेवला गेला, आणि कूल्थार्ड निकालात तळाला गेला. मॅक्लॉफ्लिनचा विजय मात्र कायम राहिला. मला हे पटत नाही. पैसा भरून बाथर्स्टची ट्रॉफी ठेवता येत असेल तर दंड म्हणजे फक्त तिकिटाचा दर झाला.

आता भविष्याकडे येतो. गेल्या तीस वर्षांत या खेळात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे. मालिका लोकप्रिय होते, मग गाड्या बनवणारे कारखाने स्वतःचे संघ घेऊन येतात. खर्च चढतो. मग एखाद्या बोर्डरूममध्ये कोणी आकडेमोड करतं आणि कारखाना निघून जातो. डीटीएमचं आंतरराष्ट्रीय रूप १९९६मध्ये जपान आणि ब्राझीलपर्यंत गेलं, आणि त्याच वर्षाअखेर ओपेल आणि अल्फा रोमिओ बाहेर पडल्याने बंद पडलं. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात रेनॉ, व्होल्वो, ऑडी, निसान, होंडा, फोर्ड सगळे होते. व्होल्वोने तर १९९४मध्ये इस्टेट, म्हणजे मागे सामानाची लांब जागा असलेली घरगुती गाडी ट्रॅकवर उतरवली आणि लोक तिच्या प्रेमात पडले. २००० साली तिथे तीनच कारखाने उरले. पुढे डीटीएमच्या नव्या अवतारातून २०१८नंतर मर्सिडीज गेली, २०२०नंतर ऑडी. मालिका टिकवण्यासाठी २०२१मध्ये जीटी३ गाड्या, म्हणजे महागड्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या आल्या, आणि २०२२च्या शेवटी मालिकेचे हक्क एडीएसी या जर्मन वाहनसंघटनेकडे गेले.

म्हणून माझं म्हणणं असं की कारखान्याच्या पैशाने चालकाची वागणूक आणि मालिकेचं आयुष्य दोन्ही एकदमच बिघडतं. ज्याला सोमवारी बोर्डाला निकाल दाखवायचा असतो तो रविवारी रेडिओवर ओरडतो, आणि निकाल मिळत नाही तेव्हा गाशा गुंडाळतो.

जीटी३मुळे डीटीएम जगली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ती टूरिंग कार राहिलेली नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. लँबोर्गिनी आणि फेरारी या गाड्या शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये नसतात. टूरिंग कारची जादू अशी की आपल्या दारातलीच गाडी तिथे दोन चाकांवर वळण घेताना दिसते. इथे समोर चाकणच्या कारखान्यांतली मंडळी बसली आहेत; फोक्सवॅगनने २०१० साली आपल्या इथे पोलो कप सुरू केला तेव्हा रस्त्यावरची पोलो शर्यतीत बघून आपल्याला जे वाटलं, ते जीटी३ देऊ शकत नाही. शिवाय जीटी३मध्ये वजन आणि ताकद कमीजास्त करून गाड्या बरोबरीत आणल्या जातात. त्यामुळे सरावात खरा वेग लपवण्याचा मोह होतो. तीही वागणूकच आहे, फक्त ती कॅमेऱ्यात पकडता येत नाही.

विद्युत टूरिंग कारचा प्रयोग २०२१ आणि २०२२ असा दोन हंगाम चालला आणि थांबला. जागतिक मालिका डब्ल्यूटीसीआरही २०२२लाच संपली. यातून फार मोठे निष्कर्ष मी काढणार नाही.

मला आशा दिसते ती ब्रिटनच्या मालिकेत. तिथे बहुतेक संघ खासगी आहेत. गाडीचे अनेक महागडे भाग सर्वांना सारखे आणि ठरलेल्या पुरवठादाराकडून घ्यावे लागतात. २०२२मध्ये हायब्रिड आणलं, तीन हंगाम चालवलं, आणि २०२५पासून ते काढून शाश्वत इंधन घेतलं. खर्च झेपत नाही हे कळल्यावर मागे फिरायची तयारी दाखवली, हे मला मोठेपणाचं वाटतं. एका दिवसात तीन शर्यती असतात. पहिल्या शर्यतीत दुसऱ्याची गाडी फोडली तर स्वतःची गाडी दुसऱ्या शर्यतीपर्यंत उभी करायला आपलेच मेकॅनिक रक्त आटवतात. तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही जागा उलट्या क्रमाने लावतात, आणि तिथे धक्के वाढतात हे मला मान्य आहे. २०१९च्या ब्रँड्स हॅचच्या शेवटच्या दिवशी होंडाच्या मॅट नीलच्या धक्क्याने कॉलिन टर्किंग्टन फिरला. फायदा व्हायचा होता नीलचा साथीदार डॅन कॅमिशला. शेवटच्या शर्यतीत कॅमिशचे ब्रेक गेले आणि हंगामाचं विजेतेपद टर्किंग्टनला मिळालं. म्हणजे खासगी संघ आले की सगळे साधू होतात, असं नाही.

मग मागायचं काय? दंड पैशात नको, निकालात हवा, आणि ज्याच्यासाठी डाव खेळला गेला त्याच्याही निकालात हवा. संघाचा रेडिओ सगळ्यांना ऐकू यावा. रेड बुल रिंगचं सत्य केवळ त्यामुळे बाहेर आलं. नोरिसरिंगनंतर डीटीएमचे तेव्हाचे प्रमुख गेरहार्ड बर्गर यांनी पुढच्या हंगामात संघादेश, म्हणजे साथीदाराला वाट द्या असे संघाचे हुकूम, बंद करण्याचं जाहीर केलं, ते पाऊल योग्य दिशेचं होतं.

आणि आपल्याकडच्या शर्यतींसाठी एक सांगतो. महाराष्ट्रात मोठा कायमचा ट्रॅक नाही. आपल्या मुलांना चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठावं लागतं, गाडीचा खर्च घरून येतो. १९५८मध्ये ब्रिटिश मालिकेच्या पहिल्याच हंगामात जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. तेव्हा ब्रँड्स हॅचला दोन सारख्या रायली गाड्या आणल्या, दोघांना शर्यत लावली, मग गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा लावली. सीअर्स जिंकला आणि कोणाला तक्रारीला जागा उरली नाही. आपल्या नवोदितांच्या वर्गात हंगामातली निदान एक फेरी अशी गाड्या बदलून घ्या. आयोजकांपैकी काही जण आज सभागृहात आहेत, म्हणून ही विनंती त्यांच्यासमोरच करतो.