वर्धा रोडच्या जेलचे दोन जुलै महिने

[कॅमेरा समोर, मागे खिडकी. सुरुवातीला संगीत नको.]

नमस्कार मंडळी. मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, भाऊ, इस्लामी दहशतवादावर एकदा नीट बोल. ठीक आहे, बोलतो. सुरुवात मात्र आमच्या गच्चीवरून करतो.

१ जून २००६. मी दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. आम्ही नागपुरात महाल भागात राहायचो, उन्हाळाभर सगळं घर गच्चीवर झोपायचं. पहाटे चारच्या सुमारास फटाफट आवाज झाले. आजी कूस बदलत म्हणाली, "कोणाची वरात हाय बाप्पा, एवढ्या रात्री काऊन फटाके फोडून राह्यले?"

वरात नव्हती. पांढरी ॲम्बेसेडर होती, वर लाल दिवा, आत पोलिसांच्या गणवेशातले तिघे, सोबत रायफली आणि हातगोळे. निघाले होते संघाच्या मुख्यालयाकडे. पोलिसांना गाडी खटकली, अडवायला गेले तर आतून गोळीबार सुरू झाला, आणि तिघेही तिथेच मारले गेले. पोलिसांनी लष्कर-ए-तोयबाचं नाव घेतलं. माझ्या लक्षात राहिलं ते हे, की त्या दिवशी दूधवाला दहा वाजता आला आणि आजीला चहाशिवाय बसावं लागलं.

आता समजा, ते आत पोचले असते. मग दुपारपर्यंत मोमिनपुऱ्यात, आमच्याकडच्या मुस्लिम वस्तीत, काय झालं असतं? महालातून स्कूटरवर दहा मिनिटांचा रस्ता आहे. कट रचणाऱ्याच्या डोक्यात हा दुसरा अंक पहिल्यापासून असतो. पहिल्या अंकासाठी त्याला माणसं, पैसा, शस्त्रं लागतात. दुसरा आपण त्याला फुकटात करून देतो.

बरं, ही माणसं स्वतःला काय समजतात? इथे एक शब्द लक्षात ठेवा, तकफीर. म्हणजे एका मुसलमानाने दुसऱ्या मुसलमानाला काफिर ठरवणं. अल-कायदा असो की इसिस, या हत्याराशिवाय त्यांचं चालत नाही. आपल्या ताजबागेत उरुसाला जा. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर घेऊन उभी असलेली निम्मी माणसं कोणत्या धर्माची, सांगता येत नाही. इसिसच्या हिशोबात ती सगळीच धर्मबुडवी, आणि त्यातले मुसलमान तर आधी मारायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिंधमधल्या सेहवानच्या दर्ग्यात धमाल, म्हणजे सूफी नाच, चालू असताना त्यांनी स्फोट केला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेत पाकिस्तानी तालिबानने १३० हून अधिक मुलं मारली. बहुतेक सगळी मुसलमानांचीच लेकरं. म्हणून "यांचा धर्माशी काही संबंधच नाही" हेही मला पटत नाही आणि "सगळा धर्मच असा" हेही नाही. ते धर्माचीच भाषा बोलतात, कुराणातल्या आयती उचलतात, आणि त्याच भाषेत त्यांना उत्तर देणारे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, आहेत. २००८ मध्ये देवबंदच्या मोठ्या मदरशाने जाहीर परिषद घेऊन दहशतवादाचा निषेध केला होता. आपल्याकडे ती बातमी कितीशी चालली?

पोरगा फसतो कसा, हे थोडक्यात सांगतो. आधी कुठल्या तरी युद्धाचे व्हिडिओ. मग कोणीतरी "भाई" म्हणून मेसेज करतो. मग बंद ग्रुप. मग एक वाक्य येतं, आणि आईबापांनी कान टवकारायचे ते याच वाक्याला: "घरी सांगू नकोस, तुझ्या अब्बांना खरा दीन (धर्म) कळत नाही." २०१४ मध्ये कल्याणची चार पोरं इराकला गेली, त्यांच्या घरच्यांनाही ती गेल्यावरच कळलं.

आणि पुढच्याच वर्षी पुण्यात उलटं घडलं. सोळा वर्षांची कॉन्व्हेंटमधली मुलगी, इंटरनेटवरून इसिसच्या माणसांच्या संपर्कात, सीरियाला जायच्या तयारीत. पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाला, एटीएसला, सुगावा लागला. त्यांनी तिला बेड्या घातल्या नाहीत. घरच्यांना बोलावलं, समुपदेशन लावलं, धर्म जाणणारी माणसं तिच्याशी बोलायला बसवली. पोलीस खात्याबद्दल मी फार गोड बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण हे काम पहिल्या नंबरचं होतं.

[स्क्रीनवर: नागपूर मध्यवर्ती कारागृहाचं फाटक]

आता या फाटकाकडे या. वर्धा रोडवरून विमानतळाकडे जाताना आपण रोज बघतो. ३० जुलै २०१५, सकाळी इथे याकूब मेमनला फाशी दिली. १९९३ च्या मुंबई स्फोटांचा खटला, २५७ मृत्यू. जवळजवळ दहा वर्षांनी, २१ जुलै २०२५ ला, याच फाटकातून दोन माणसं बाहेर आली. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत दोषी ठरलेल्या बारा जणांपैकी ही दोन. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं होतं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड टिकत नाही, सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नाही, असं निकाल सांगतो. त्यातला एक तर निकालाच्या चार वर्षं आधी कोरोनात कैदेतच वारला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे जुलै २०२५ मध्येच हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत घालायचं नाही असंही कोर्टाने म्हटलं.

राजेहो, १८९ माणसं मेली त्या लोकलमध्ये. अकरा मिनिटांत सात स्फोट. एकोणीस वर्षांनी त्यांच्या घरच्यांनी काय समजायचं? हे नाही, तर मग कोण? आणि ते "कोण" इतकी वर्षं कुठे आरामात बसलेत?

मालेगावचंही तेच. सप्टेंबर २००६ चा स्फोट शब-ए-बारातला, कब्रस्तानाजवळ. मेले मुसलमान आणि पकडले तेही नऊ मुसलमान तरुण. त्यांनी पाचेक वर्षं जेलात काढली, मग केंद्राच्या तपास यंत्रणेने, एनआयएने, वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं, आणि २०१६ मध्ये कोर्टाने आधीच्यांना आरोपमुक्त केलं. काही जण म्हणतील, सुटले ना शेवटी. सुटले. पण त्या मोहल्ल्यातला कोणता बाप यापुढे पोलीस स्टेशनची पायरी चढेल? आणि खबर तर तिथूनच येते, ड्रोनने नाही.

२६/११ नंतरची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या मोठ्या कब्रस्तानाने जागा नाकारली. हे आमचे नाहीत, म्हणाले. वर्षभराहून जास्त काळ ती प्रेतं जेजे रुग्णालयाच्या शवागारात पडून होती, शेवटी सरकारने गुपचूप पुरली. मातीला नाही म्हणणं ही मुसलमानाच्या घरात केवढी गोष्ट असते, हे तुमच्या कोणा मुस्लिम मित्राला विचारा.

जाता जाता, हा भाग खरं तर ज्याच्यामुळे सुचला त्याच्याबद्दल. मोमिनपुऱ्यात माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, शिवणकाम करतात. रमजानमध्ये रात्री मी तिकडे खायला गेलो होतो. त्यांनी मला बाजूला घेतलं. पोरगा रात्ररात्र फोन घेऊन बसतो, कोणी आलं की पालथा टाकतो, विचारलं की भडकतो. "बेटा, कोणाला सांगू? ठाण्यात गेलो तर नाव लिहून घेतील, मग आयुष्यभर निघणार नाही." पंधरा दिवस हा माणूस झोपला नव्हता. मी म्हटलं, मशिदीतल्या मौलानांना सांगा आधी. मौलानांनी पोराला अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर थांबवून घेतलं, तासभर गोडीत विचारलं.

ऑनलाइन रमीत बावीस हजार घालवले होते त्याने.

चाचांनी पोराच्या कानाखाली एक वाजवली, आणि मग मौलानांसमोरच हमसून हमसून रडले. पोराला वाटलं, पैशासाठी रडतायत.