तारेवर मिरेट

पॅरिस, एकोणिसाव्या शतकाची अखेर. मिरेटची आई नट आणि कसरतपटूंसाठी लॉज चालवते. तिथं उतरलेल्या बेलिनी या तारेवरच्या कसरतपटूला अंगणातल्या तारेवर चालताना पाहून मिरेट लपूनछपून स्वतः तारेवर चढते. एमिली अर्नोल्ड मॅककली यांचं हे चित्रपुस्तक १९९२ सालचं. १९९३ मध्ये त्याला अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. मिरेट पडते आणि पुन्हा चढते. ही विद्या अशीच येते, म्हणून हे पुस्तक आम्हाला खरं वाटतं.

तारेवर चालायला शिकताना सराव गुडघ्याइतक्या उंचीवर, खाली गादी घालून. पायात मऊ, पातळ तळाचे बूट. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून तार टाचेच्या मध्यापर्यंत यायला हवी. आधी चालायचंच नाही. एका पायावर उभं राहायचं. गुडघा किंचित सैल, दुसरा पाय मोकळा, हात पसरलेले. तोल गेला की मुलं कमरेतून वाकतात आणि तिथंच फसतात. धड जड असतं. झुकलं की आवरत नाही. सावरायचं हातांनी आणि मोकळ्या पायानं. नजर पावलांवर नको, तार जिथं बांधली आहे त्या टोकावर हवी.

तार सैल असेल तर ती पायाखाली आडवी डुलते. पण ताणून बांधली की तिच्यावरचा भार भयंकर वाढतो. १० मीटर तारेच्या मधोमध ३० किलोचं मूल उभं राहिलं आणि तार १० सेंटीमीटरच झुकली, तर दोन्ही टोकांना प्रत्येकी सुमारे ७५० किलोची ओढ बसते. बाल्कनीचे गज किंवा गच्चीचा कठडा यांना तार बांधायची नाही, ती यामुळेच.

ब्लोंडिन या फ्रेंच कसरतपटूनं ३० जून १८५९ रोजी नायगाराची दरी दोरावरून ओलांडली, तेव्हा हातात लांब, जड काठी होती. आपल्याकडचे डोंबारीही दोरावर बांबू धरतात. टोकांकडचं वजन शरीराला चटकन कलू देत नाही. सावरायला क्षणभर जास्त मिळतो.

पुस्तकाच्या शेवटी बेलिनी उंच तारेवर थिजतो. भीती तर आहेच, पण उंचावर डोळ्यांजवळ स्थिर असं काही नसतं, त्यामुळे शरीर आपसूक जास्त डोलतं. समोरच्या टोकाकडून मिरेट तारेवर येते, तेव्हा त्याला नजर रोवायला जागा मिळते आणि त्याचं पाऊल उचलतं.