आधी दावी सोडा

[दृश्य: राजाराम बंधारा. पावसाची झड, मोजपट्टीला लागलेलं गढूळ पाणी.]

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर चढलं. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत बोट दारापर्यंत जाते, आणि तिथं एक माणूस हमखास भेटतो, जो बोटीत बसत नाही.

[दृश्य: गुडघाभर पाण्यातला गोठा. चार म्हशी, एक रेडकू, खांबाला टेकलेले वयस्कर गृहस्थ.]

“तात्या, चला की. पाणी वाढाय लागलंय.”
“तुम्ही व्हा पुढं. म्हसरं सोडून कुठं येऊ?”

इथं वाद घालण्यात वेळ घालवू नये. जनावरं किती, दुभती किती, गाभण कुठली, एवढं विचारावं. मगाशी हूं की चूं न करणारा माणूस मग घडाघडा बोलू लागतो.

याला हट्ट म्हणणं सोपं आहे. पण घरात रोख पैसा येतो तो दर दहा दिवसांच्या दूध बिलातून. चांगली दुभती म्हैस लाखाच्या पुढं जाते. ती दगावली तर आपत्तीच्या सरकारी निकषानं मिळतात ३७,५०० रुपये, तेही पंचनामा झाल्यावर. अर्थात सगळा हिशोब पैशाचाच असता, तर कोपऱ्यातली भाकड म्हैस मोजताना त्यांनी गाळली असती. ते पाच म्हणतात. रेडकू धरून.

[दृश्य: टेम्पोला लावलेली फळी. पुढं रेडकू, मागं म्हैस.]

जनावरं हलवायची ती इशारा पातळीच्या आधी आणि उजेडात. गोठा कोरडा दिसतो तेव्हाच वाटेतला ओढा रस्त्यावर आलेला असतो, घोटाळा तिथं होतो. म्हैस अंधारात फळीवर पाय टाकत नाही. आधी रेडकू चढवावं, आई मागोमाग येते. टेम्पोच्या तळाला वाळू नाहीतर पाचट पसरावं, नुसत्या पत्र्यावर खूर घसरून मांडीचं हाड मोडतं. गाभण म्हशीला वेगळी जागा द्यावी.

पाणी छातीला लागलं असेल तर टेम्पोचा विचार सोडावा आणि पहिल्यांदा दावी कापावीत. म्हैस पट्टीची पोहणारी, पण गळ्यात साखळी आणि साखळी खुंट्याला, मग पोहून जाणार कुठं? बोटीमागून न्यायची असेल तर दोर हातात धरावा, बोटीला गाठ मारू नये. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. छावणीत जनावरांची सरमिसळ झाली की ओळख पटवायला आणि पुढं पंचनाम्याला तोच कामी येतो.

[दृश्य: माळावरची छावणी. बिस्किटांचे खोके, चादरींचा ढीग. वैरण कुठंच नाही.]

मदतीच्या गाड्यांत माणसांचं सगळं असतं. तात्या चादर घेतात, घडी न मोडता बाजूला ठेवतात आणि विचारतात, “पेंड आलीया का?”

एका म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. चार म्हशी म्हणजे दोनशे लिटरचं एक पिंप भरून वर चार बादल्या. दुधावरच्या म्हशीला दर दोन लिटर दुधामागं किलोभर खुराक धरावा. आपल्याकडं वैरण म्हणून पहिल्यांदा येतं ते उसाचं वाडं. त्यातल्या ऑक्झलेटमुळं जनावराच्या अंगातला कॅल्शियम कमी होतो. म्हणून चुना रात्रभर भिजवून वरची निवळी वाड्यावर शिंपडावी, जोडीला कडबा असावा. पुरात भिजलेली, बुरशी धरलेली वैरण फुकट मिळाली तरी घालू नये.

धार चुकवून चालत नाही. दूध साठून राहिलं की कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याची भीती. आणि म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही, म्हणून धार काढणारा माणूस तिच्याजवळच लागतो. डेअरीचं दूध संकलन बंद असेल तर दूध छावणीतल्या चहाला जातं.

घटसर्प हा जनावरांचा जीवघेणा साथीचा रोग, त्याची लस पावसाळ्याआधीच झालेली असावी. सतत पाण्यात उभं राहून खूर मऊ पडतात. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद विरघळवून त्यात पाय बुडवून काढावेत. धातूचं भांडं नको, प्लॅस्टिकचं घमेलं घ्यावं. उरलेलं द्रावण जनावराच्या तोंडाला लागू देऊ नये.

[दृश्य: तात्यांचे पाय. बोटांच्या बेचक्यांत चिरा.]

म्हशीचे खूर बघून झाले की तात्यांचे पाय बघावेत. ते आपण होऊन सांगणार नाहीत. दोन दिवस शेणामुताच्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला पायाच्या चिरांतून लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची लागण होऊ शकते. ताप आणि पोटऱ्यांत कळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तदाबाची गोळी कधी घेतली, हेही म्हशींच्या डॉक्टरांशी बोलणं चाललेलं असतानाच सहज विचारावं. “गोळ्या व्हय? त्या घरातच राहिल्या.”

[दृश्य: रात्र. शाळेच्या खोलीत माणसं झोपलेली. एक अंथरूण रिकामं.]

शाळेत झोपायला ते येत नाहीत. म्हशींच्या बाजूला चार बांबू रोवून ताडपत्री बांधून द्यावी, खाली विटांवर फळ्या टाकाव्यात, एक बॅटरी द्यावी. मग मगाची चादर उलगडली जाते.