बारा पंच आणि एकराचा भाव

(दृश्य: चर्मपत्र, त्याला शिवलेला हुकूम, मेणाच्या मुद्रा)

लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असलेले हे चर्मपत्र म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधील एका सरदाराच्या मृत्यूनंतर झालेल्या चौकशीचा पंचनामा. त्याला जो लहान तुकडा शिवलेला दिसतो, तो राजाच्या कचेरीतून निघालेला हुकूम आहे. राजाकडून थेट जमीन धारण करणारा सरदार मरण पावला की असा हुकूम सुटे, आणि एस्चीटर नावाचा राजाचा अधिकारी त्या भागातील साधारण बारा माहीतगार लोकांना, म्हणजे पंचांना, जमवून शपथेवर विचारी, की मयताकडे जमीन कोणती होती, ती कोणत्या सेवेच्या बदल्यात होती, तिचे वार्षिक उत्पन्न किती, वारस कोण आणि त्याचे वय काय. वारस मुलगा 21 वर्षांच्या आतला असेल, तर तो सज्ञान होईपर्यंत ती जमीन राजाच्या ताब्यात जाई, विधवेचा एक तृतीयांश हिस्सा तेवढा वगळून. खालच्या मुद्रा या पंचांच्या आहेत.

(दृश्य: मजकूर जवळून)

येथे ओळीमागून ओळ मॅनरची, म्हणजे सरदाराच्या जहागिरीची, मोजदाद येते: सरदाराची स्वतःची शेती, कुरण, गिरणी, कबुतरखाना, न्यायसभेतील दंड. जिरायत एकराला बहुधा काही पेन्स एवढाच भाव लावलेला असे. गवताच्या कुरणाला मात्र त्याच्या कित्येक पट, कारण हिवाळ्यात बैल जगवायचे तर वाळलेले गवत हवेच. हे आकडे बाजारभाव नव्हेत. शेजाऱ्याच्या मालमत्तेची किंमत राजासमोर वाढवून सांगण्यात पंचांना काय लाभ? त्यामुळे ती बरेचदा कमीच लिहिली गेली.

त्याच यादीत कुळांची वेठही आहे. हिवाळ्यातील कामाचा दिवस अनेक ठिकाणी अर्ध्या पेनीचा धरलेला आढळतो आणि सुगीतील दिवस त्याहून महाग. माणसाचे कष्ट गिरणी आणि कबुतरखान्याच्या रांगेत मालकाची मिळकत म्हणून मांडलेले आहेत, आणि आमच्या मते या चर्मपत्रांतील सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे.

(दृश्य: तिरप्या उन्हात मिडलंड्समधील, म्हणजे मध्य इंग्लंडमधील, जुनी शेते)

ते कष्ट जमिनीवर आजही दिसतात. नांगराने माती वर्षानुवर्षे पट्टीच्या मध्याकडे पलटत राहिल्याने असे उंचवटे तयार झाले, आणि बैलांच्या अनेक जोड्यांचा लांबलचक नांगर बांधाशी वळवण्यासाठी आधीपासूनच तिरपा घ्यावा लागत असल्याने पट्ट्यांना दोन्ही टोकांना हा बाक आला.

1348 मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगची महामारी आली, पुढच्या वर्षीच्या पंचनाम्यांत ‘कुळे मेली, उत्पन्न शून्य’ अशा अर्थाच्या नोंदी आल्या, मजूर कमी पडल्याने वाढलेली मजुरी रोखणारा कायदा 1351 मध्ये आला आणि 1381 च्या बंडात शेतकऱ्यांनी अनेक मॅनरांची दप्तरे जाळली.

(दृश्य: लॅक्स्टन, शेतातील पंच)

नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गावात तीन खुली शेते, म्हणजे कुंपणाविना पट्ट्यांत वाटलेली शेते, अजून टिकून आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. मार्क पिअर्स याने 1635 मध्ये काढलेल्या नकाशात या गावातील एकेक पट्टी दाखवलेली आहे. वर्षाअखेरीस गव्हाचा पेरा झाला की पंच त्या शेतात उतरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कोणाचा नांगर सामाईक वाटेत घुसला ते पाहतात. पुढे गावच्या डव्हकोट इनमध्ये न्यायसभा भरते आणि दोषी शेतकऱ्याला दंड होतो.