पाच आधी की वीस?

(दुसरीचा वर्ग. पाटी जवळून.)

बाई म्हणाल्या, "पंचवीस लिहा." पोरीनं आधी पाच काढला, ऐकू आला तोच आधी. मग त्याच्या पुढं दोन. पाटीवर झाले 52.

तिला तरी काय बोलणार? मराठीच तसं बोलते. पंच आधी, वीस मागून. लिहायचं मात्र उलट. शेजारच्या कर्नाटकातलं पोर 'इप्पत्तैदु' म्हणतं, म्हणजे वीस आणि पाच, लिहितात तसंच. त्यात आपला एकोणतीस: कानावर तीस, पाटीवर 29. हे एकोण एकोणनव्वदपर्यंत चालतं आणि नव्व्याण्णवला दगा देतं.

(पाठ्यपुस्तकाची पानं उलटताना.)

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. संख्यानामांतली जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, असं त्यांचं म्हणणं. जुनी नावं काढली नव्हती, जोडीला नवी दिली होती. तरी केवढा गदारोळ! विनोद फिरले, विधानसभेत टोले हाणले गेले. वर्गातल्या पाटीकडे त्या दिवसांत फारसं कुणी पाहिलं नाही.

(चौथीचा वर्ग. वहीवर बोट.)

'राजूकडे 12 बोरं आहेत. मीनाकडच्या बोरांपेक्षा ती 5 ने जास्त आहेत. मीनाकडे किती?'

पोराला 'जास्त' दिसलं की बेरीज. उत्तर 17. बाई चूक म्हणत नाहीत. "जास्त कुणाकडे? परत वाच." तिसऱ्या खेपेला बोट 'मीनाकडच्या'वर थांबतं. खोडरबर फिरतं. 7.

वजाबाकी त्याला आधीही येत होती.

ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणतज्ज्ञ ॲन न्यूमन यांनी 1977 साली शाब्दिक उदाहरणाच्या पाच पायऱ्या मांडल्या: वाचणं, समजणं, त्याचं गणित मांडणं, आकडेमोड, उत्तर लिहिणं. आकडेमोड चौथी. आपल्याकडे लाल पेन बहुतेक वेळा तिथंच पहिल्यांदा टेकतं. वाचनात मागे पडलेली मुलं मग गणितातही मागे पडत जातात.

(पुन्हा दुसरीचा वर्ग. काड्यांचे गठ्ठे.)

दहा-दहाच्या काड्यांना रबर लावलेलं. दोन गठ्ठे, पाच सुट्या. "दोन दशक, पाच एकक," पोरगी म्हणते. बाई गठ्ठे बाजूला सारतात.

"आता सत्तेचाळीस."

पेन्सिल थबकते. याही वेळी आधी सातच उमटतो, पण डावीकडं जागा सोडून.