आधी वजनकाटा, मग शॉकअप

(ठाण्यात पिकअप मालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये शॉकअपचे, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचे, फोटो तयार आहेत, हे मघाशी चहाच्या वेळीच कळलं. कुणाला पिवळा-निळा हवाय, कुणाला शेजारी वेगळा डबा असलेला. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "यातला कुठला घेऊ?" उत्तरासाठी तासभर ताटकळत ठेवत नाही. गाडी वजनकाट्यावर घातल्याशिवाय यातला कुठलाही घेऊ नका.

तळोज्याला, तुर्भ्याला ट्रकवाल्यांचे वजनकाटे आहेत, तिथे जा. जाताना गाडी धुऊन-पुसून रिकामी नेऊ नका. सहलीला निघता तशी न्या: टाकी भरलेली, टपावर तंबू, हौद्यात पाण्याचे कॅन, शेजारी बायको आणि मागे मुलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन आकडे लिहून घ्या. पुढचा आणि मागचा मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवा. फार फरक पडला तर गाडी काट्यावर नीट उभी नव्हती असं समजा आणि परत घाला. काटेवाला हसेल. हसू दे.

हा उपद्व्याप कशासाठी? वजन पेलणं हे शॉकअपचं कामच नाही. ते स्प्रिंग करते. आपल्याकडच्या व्ही-क्रॉस आणि हायलक्स या दोन्ही गाड्यांना पुढे डबल विशबोनवर, म्हणजे चाक धरणाऱ्या वर-खालच्या दोन आर्मवर, कॉइल स्प्रिंग आहे आणि मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग. गाडीची उंची तेच ठरवतात. शॉकअप फक्त हालचालीचा वेग आवरतो. होळीची पिचकारी आठवा: हळू दाबली तर पाणी आरामात निघतं, एकदम जोर लावला तर दट्ट्या अडतो. शॉकअपमध्ये पाण्याच्या जागी तेल असतं आणि छिद्रांच्या तोंडाशी पातळ पोलादी चकत्या असतात. त्या किती जाड, किती आणि कशा रचल्यात यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. बाहेरचा रंग त्यानंतर.

म्हणून "दोन इंच उचलणारा शॉकअप" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, उचलणार कोण? मोनोट्यूबमधल्या, म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपमधल्या, गॅसच्या दाबाने गाडी किंचित वर येते, किंवा पुढे शॉकअपच्या अंगावर स्प्रिंगची बैठक वर सरकवता येते. पण तेव्हाही भार स्प्रिंगच उचलत असते. आणि स्प्रिंग कडक केली की ती जास्त जोराने उसळणार, तिला परत येताना धरून ठेवायला शॉकअपचा रिबाउंडही, म्हणजे उघडतानाचा विरोधही, तेवढाच वाढलेला लागतो. ही जोडी जमली नाही की गाडी डुलते नाहीतर दणके देते. मग लोक कंपनीला नावं ठेवतात.

वजनाचं एक उदाहरण देतो. पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, बसवला. दोन्ही मिळून साधारण 100 किलो धरू. हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, त्यामुळे पुढच्या ॲक्सलवर 100 पेक्षा जास्त येतं आणि मागचं थोडं हलकं होतं. म्हणजे एका बाजूला पुढचं नाक खाली बसलं आणि दुसऱ्या बाजूला आधीच उड्या मारणारी मागची बाजू आणखी मोकळी झाली. अशा गाडीला चारही कोपऱ्यांत "हेवी ड्यूटी" बसवणं हा पैसे खर्च करून त्रास विकत घेण्याचा प्रकार आहे. पुढे जड भाराची स्प्रिंग आणि तिला साजेसा शॉकअप, मागे मात्र मवाळ, अशीही जोडणी लागू शकते. हे काट्याची पावती सांगते. दुकानदाराला ते माहीत असायचं कारण नाही.

आता तुम्ही गाडी चालवता कुठे, ते बघू. सगळे मला माळशेज, जव्हार-मोखाडा, नाणेघाटाच्या पायथ्याचे कच्चे रस्ते सांगतात. येऊरचं नाव काढू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, ती चाचणी घ्यायची जागा नव्हे. पण महिन्याचे बाकीचे दिवस गाडी कुठे असते? घोडबंदर रोडवर. इथे एक गंमत आहे. शॉकअपच्या भाषेत हाय-स्पीड म्हणजे गाडीचा वेग नव्हे, आत दट्ट्या किती वेगाने सरकतो तो. सह्याद्रीत काळ्या दगडावर तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, लो-रेंजवर चाक चढवता तेव्हा दट्ट्या निवांत सरकत असतो. आणि कासारवडवलीच्या आसपास पावसाळ्यात, पाणी भरल्यामुळे न दिसलेल्या खड्ड्यात 50 च्या वेगाने चाक आदळतं तेव्हा दट्ट्या सेकंदाला मीटरभराच्याही पुढे पळू शकतो. ठाणेकराच्या ऑफ-रोड पिकअपची खरी अग्निपरीक्षा ऑफिसच्या वाटेवर होते. (हशा)

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वाळवंटातल्या शर्यतींसाठी बनवलेले, बाहेरून तेल वळवणाऱ्या बायपास नळ्यांचे, चौकटीबाहेर डबे लटकवलेले शॉकअप आपल्याकडे बहुतेकांना लागत नाहीत. ते उत्तम असतात, प्रश्न गुणवत्तेचा नाही. त्यांची खरी किंमत वसूल होते ती उष्णतेत. शॉकअप हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. लडाख किंवा स्पितीतल्या आडव्या वळ्या पडलेल्या कच्च्या रस्त्यावर तासन् तास 40-50 ने गेलात की तेल तापतं, पातळ होतं, त्यात फेस धरतो आणि गाडी जहाजासारखी डुलायला लागते. बाजूचा डबा तिथे कामाला येतो: तेल जास्त मावतं, गॅस वेगळा राहतो, उष्णता बाहेर जायला जागा मिळते. आपल्या चिखलात आणि दगडात वेग एवढा नसतो. दर वर्षी लडाखला जाणारे हात वर करा... चार. तुम्ही चौघं डब्याचा विचार करा. बाकीच्यांनी त्या पैशात चांगले टायर घ्यावेत.

मग ट्विनट्यूब की मोनोट्यूब? ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी असते. दट्ट्या आतल्या नळीत चालतो, त्यामुळे बाहेरून दगड लागून पोचा आला तरी तो बहुधा चालू राहतो. दणके मवाळ लागतात, किंमत कमी. पण उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि फेसाचा त्रास लवकर होतो. म्हणून कुणी आत कमी दाबाचा नायट्रोजन भरतं, कुणी गॅसऐवजी फोम घालतं. आयर्नमॅन आणि टफ डॉग या ऑस्ट्रेलियन मंडळींचे फोम सेल तेच. मोनोट्यूबची कल्पना द कार्बों या फ्रेंच अभियंत्याची. बिलस्टाइन कंपनीने ती 1950 च्या दशकात मर्सिडीजच्या गाड्यांवर आणली. त्यात एकच नळी, जास्त दाबाचा गॅस, आणि तेल व गॅस यांच्यामध्ये सरकता पडदा. तेवढ्याच जागेत दट्ट्या मोठा बसतो, उष्णता थेट बाहेरच्या भिंतीतून जाते. खोट एकच: दट्ट्या त्याच भिंतीवर घासत चालतो. दगडाने पोचा पाडला की तो अडकतो. लिंक-रोडवर धावणाऱ्याला फरक पडणार नाही. ओढ्यातल्या दगडांतून गाडी काढणाऱ्याने तो कुठे लटकतो ते खाली वाकून बघावं.

फॉक्स या कंपनीच्या शॉकअपच्या नावापुढचे 2.0 आणि 2.5 हे आकडे नळीचा व्यास इंचांत सांगतात. मोठा आकडा म्हणजे तुमच्या गाडीसाठी आपोआप चांगला, असा अर्थ काढू नका.

दुरुस्तीचं आधी विचारा. सील, बुश (जोडावरचे रबरी तुकडे) इथे मिळतात का? नायट्रोजन परत भरून देणारा कुणी आहे का? परदेशातून एक रबरी रिंग यायला महिना लागणार असेल तर तुमचा महागडा शॉकअप तेवढा महिना फळीवर पडून राहील. गॅब्रिएल इंडियाची सुरुवात 1961 साली शेजारी मुलुंडलाच झाली, तरी पिकअपवाल्याला देशी नाव घ्यायला लाज वाटते. मूळ स्प्रिंग, मूळ उंची आणि घोडबंदर रोड एवढाच संसार असेल तर कंपनीने दिलेल्या जातीचाच नवा शॉकअप घेण्यात काही कमीपणा नाही.

आता लांबी. यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि कॅटलॉग इथे पुरत नाही. पाट्याच्या बाजूचं मोजमाप असं घ्या. गाडी चौकटीखाली स्टँडवर घ्या, शॉकअप काढा, ॲक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत टेप लावा. मग जॅकने ॲक्सल बंप स्टॉपच्या, म्हणजे चौकटीखाली दणका झेलायला लावलेल्या, रबरला टेकेपर्यंत उचला आणि पुन्हा मोजा. नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर पहिल्या आकड्याहून थोडा लांब हवा, पूर्ण मिटल्यावर दुसऱ्याहून थोडा आखूड. रबर आधी लागलं पाहिजे. शॉकअप आधी तळाला टेकला तर सगळा दणका त्याच्या बोल्टवर आणि तो बोल्ट धरणाऱ्या चौकटीवरच्या कानावर जातो, आणि कान उपटलेली गाडी जंगलातून आणायची म्हणजे काय ते विचारू नका.

पुढच्या बाजूला वेगळी गंमत. स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे 40-50 मिलिमीटरच्या वर उचललं की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि ॲक्सल शाफ्टचे कोन तिरके होत जातात आणि चाक खाली लोंबायला जागा उरत नाही. म्हणजे उंच दिसणारी गाडी खड्ड्यात चाक टेकवूच शकत नाही. अलाइनमेंट तर करावीच लागते.

मागे रिकामी गाडी उड्या मारते, ही तक्रार प्रत्येकाची. पाटे हौद्यातल्या मालासाठी बनवलेत. माल नसेल तर ते वाकतच नाहीत. त्यावर कडक शॉकअप लावला तर उडी कमी होण्याऐवजी कंबरेत बसते. आधी टायरची हवा बघा. कित्येक जण लोडेड गाडीचा आकडा भरून रिकामे फिरतात. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्याचा वेगळा आकडा असतो. मग शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चौकटीला जोडणाऱ्या कडीचे, बुश. मग पाटे. शॉकअप त्यानंतर.

आहे तो शॉकअप मेलाय की नाही, ते कसं कळतं? अंगावर ऑईलचा पुसट थर असला तर घाबरू नका, थेंब गळत असतील तर गेला. टायरवर हात फिरवा. चट्ट्याचट्ट्याने झिजला असेल तर संशय घ्या. आणि खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर उतरून चारही शॉकअपजवळ हाताची मागची बाजू न्या. तीन गरम आणि एक गार असेल तर तो गार कामचुकार आहे, हे नक्की.

एका प्रेक्षकाने चिठ्ठी पाठवली आहे: आरटीओ पकडेल का? एमएच 04 असो की एमएच 43, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सगळ्यांना एकच. आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. झिजलेला शॉकअप त्याच मापाच्या शॉकअपने बदलणं एक, आणि गाडी उचलून मोठी चाकं घालणं दुसरं. दुसऱ्याच्या वाटेला जाण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, तोंडी नको, लेखी.

अजून एक प्रश्न: पैसे कमी आहेत, एकच बदलला तर? एकच कधीही नाही. एका ॲक्सलची जोडी, मग पुढची असो की मागची. ज्या बाजूचे दमलेत ती आधी.

आणि बसवताना गॅरेजवाल्याच्या शेजारी उभे राहा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. तसे आवळले तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर बसलेली, आणि मग पाना. उंची बदलली असेल तर हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा तुम्हाला शिव्या देत जाईल. पाट्यांना हात लावला असेल तर 300-400 किलोमीटरनंतर पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट परत तपासायला या. त्याचे पैसे मी घेत नाही, चहा तुमचा.