पर्समधली चटणी आणि गळ्यातली शिट्टी

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या महिला विभागात एका निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माईक राहू द्या बाजूला. जन्मभर मैदानावर ओरडलेय, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो. पंख्याखाली बसलेल्या मंडळींनी फक्त आपसात बोलू नये, एवढीच अट.

पत्रिकेवर विषय फार शहाण्यासारखा छापलाय : ‘रोजच्या सुरक्षेसाठी जीवघेणी नसलेली साधने : निवड आणि वापर’. निवडीवर येतेच मी, पण आधी मला एक तक्रार मांडायचीय. आपल्या सातारा-सांगलीकडं मुलगी नोकरीला पुण्याला निघाली की आई तिच्या पिशवीत तीन गोष्टी घालते. डिंकाचे लाडू, देवाचा अंगारा आणि कांदा-लसूण चटणीची पुडी. वर सांगते, ‘पर्समधी ठेव, कुनी आंगावर आलं तर डोळ्यात टाक, न्हाईतर पिठल्याला होईलच.’ हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या पर्समध्ये आत्ता निघेल. काढायला लावू का? नको, सभागृह भाड्याचं आहे.

या चटणीवर माझा राग जुना आहे. साताऱ्याला असताना आमच्या शाळेत एक बाई होत्या, कराडहून रोज एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. त्यांची पर्स म्हणजे दुकानच होतं, आणि तळाशी चटणीची पुडी. एकदा थंडीच्या दिवसांत संध्याकाळच्या गाडीला त्यांना खिडकीची जागा मिळाली. अतीत मागं पडलं, तसा मागच्या सीटवरच्या माणसाचा हात दोन सीटच्या फटीतून पुढं यायला लागला. इथं बसलेल्या कुणालाच हे समजावून सांगायला नको. बाई आधी सरकल्या, मग पर्स मध्ये घातली, मग मागं वळून बघितलं. हात आत जायचा, पुन्हा यायचा. शेवटी बाईंनी ठरवलं, आज चटणी.

आता बघा गंमत. पुडी वर्तमानपत्राची, तिला रबर. आत प्लॅस्टिकची पिशवी, तिला गाठ, आणि गाठ मारलेली सासूबाईंनी. घाबरल्यावर बोटं थरथरतात, बारीक कामाला अजिबात साथ देत नाहीत, हे मी तुम्हाला मैदानावरच्या अनुभवानं सांगते. धावायच्या शर्यतीआधी पोरींना बुटाची नाडी बांधता येत नाही. बाईंना गाठ सुटेना. शेवटी दातानं तोडली, म्हणजे पहिला घास त्यांनाच. मग मूठ भरली आणि मागं भिरकावली. खिडकी उघडी, गाडी हायवेवर पळतीय, वारा थेट आत. चटणी मागं गेलीच नाही. ती बाईंच्या डोळ्यांत गेली, पुढच्या बाकावरच्या आजींच्या डोळ्यांत गेली, तिकीट फाडत उभ्या असलेल्या कंडक्टरच्या नाकात गेली. कंडक्टर शिंकत विचारतोय, ‘ओ बाई, गाडीत मिरची कुटायचा डंका बसवलाय का?’ आणि तो मागचा? त्यानं थंडी म्हणून नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. त्याला काही झालं नाही. बघत बसला होता.

पण आजी उठल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, दिसत काही नाही, नेमकं काय झालंय ते ठाऊक नाही, तरी खणखणीत आवाजात ओरडल्या, ‘आरं मुडद्या, बाईमानसाच्या आंगाला हात लावतुस? धरा रं त्येला!’ झालं. जी गाडी इतका वेळ झोपली होती ती जागी झाली. चौघांनी त्याला धरला, ड्रायव्हरनं गाडी कुठं न थांबवता सरळ उंब्रजच्या पोलीस ठाण्यात नेली.

आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत गोष्ट काय झाली? ‘बाईंना चटणीनं वाचवलं!’ त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणातसुद्धा हेच. चटणीचा सत्कार झाला हो, आजींचा नाही. माझी तक्रार एवढीच आहे. वाचवलं आवाजानं. चटणीनं तर साक्षीदार आंधळे केले.

उंब्रज म्हटलं म्हणून सांगते, तिथं समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. आपल्या सांगली जिल्ह्यात बहे-बोरगावला एक, शिराळ्याला एक. व्याख्यान ठेवलं की कुणीतरी दादा उठून म्हणतातच, ‘बाई, बलोपासना सांगा, पोरींना दांडपट्टा शिकवा.’ शिकवा की! मी लाठीकाठी शिकवलीय, खांद्याला आणि मनाला दोन्हीला चांगली. पण दांडपट्टा फिरवायला जागा लागते दादा. एसटीच्या फटीत, लिफ्टमध्ये, शिकवणी सुटल्यावर विश्रामबागच्या गल्लीत पोरीच्या खांद्यावर दप्तर असताना, काय फिरवणार? बलोपासना अंगात असावी. ती पर्समध्ये मावत नाही.

तर माझं म्हणणं असं. रोजच्या वापराचं साधन समोरच्याला लोळवायला नसतं. त्याची आणि आपली गाठ सुटावी, मध्ये चार पावलांचं अंतर पडावं आणि चार माणसांनी तिकडं बघावं, एवढ्यासाठी असतं. म्हणून माझं पहिलं साधन हे. (बाई गळ्यातली शिट्टी दाखवतात.) वाजवू? कानावर हात ठेवा. ...बघा, खालचा वॉचमन वर आला. या दादा, काही नाही, बसा.

ही शिट्टी काही खुळचट वस्तू नाही. लंडनच्या पोलिसांकडं आधी लाकडी खुळखुळे असायचे, कर्रर्र वाजणारे. १८८३ मध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसननं त्यांना शिट्टी करून दिली. पुढं त्यानंच पंचांसाठी आत दाणा असलेली शिट्टी काढली, जी आपण सगळे पीटीला ऐकत आलो. तिचा दोष म्हणजे थुंकी जाऊन दाणा अडकतो, आणि नेमका गरजेला अडकतो. एका कॅनेडियन बास्केटबॉल पंचाची शिट्टी अशीच ऐन सामन्यात अडकली. रॉन फॉक्सक्रॉफ्ट त्याचं नाव. त्यानं १९८७ मध्ये बिनदाण्याची शिट्टी बाजारात आणली. खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मागा, ‘बिनदाण्याची द्या’ म्हणा. माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या आवाजाला सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि चांगली शिट्टी बरोबर तिथंच वाजते, म्हणून ती वर्दळीतही कापत जाते. शिवाय भीतीनं घसा कोरडा पडतो, ओरडायचं म्हटलं तरी आवाज फुटत नाही. शिट्टीला आवाज लागत नाही, श्वास लागतो, आणि तो चालूच असतो. दम्यामुळं श्वास पुरत नाही, त्यांनी पिन ओढली की बोंबलणारा छोटा अलार्म घ्यावा, मात्र त्याची बॅटरी महिन्या-महिन्याला बघावी.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, अजून मी स्प्रेवर आलेच नाही! बरं, भरभर सांगते, लिहून घ्या.

पेपर स्प्रे म्हणजे पातळ केलेली चटणी नव्हे. मिरचीतून काढलेला तेलकट अर्क दाबानं भरलेला असतो. आपली बेडगी रंगाला. तिची आणि या अर्काची बरोबरीच नाही. पापण्या आपोआप मिटतात, खोकला सुटतो, पाऊण तासापर्यंत माणूस हैराण असतो. बंद जागेत मारणाऱ्यालाही सोडत नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत एका खासदारानं फवारला, तेव्हा अख्खं सभागृह खोकत बाहेर पळालं आणि काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून घेताना धार मारणारा घ्या, धुक्यासारखा पसरणारा नको. धारेला वारा कमी उडवतो. सहा ते दहा फुटांवरून चेहऱ्यावर मारायचा आणि लगेच बाजूला होऊन पळायचं, परिणाम बघत उभं राहायचं नाही. डब्यावरची मुदत वाचा, जुना झाला की दाब जातो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. विमानात सोबत नेता येत नाही. घरात लहान मूल असेल तर उंचावर. स्वतःच्या डोळ्यात गेला तर गार पाण्यानं बराच वेळ धुवा, चोळू नका, आणि वहिनी, तूप-बिप लावू नका, तेलकट अर्क त्यानं आणखी पसरतो.

बॅटरी, म्हणजे टॉर्च, झगझगीत घ्या. अंधारात तोंडावर मारली की क्षणभर दिसत नाही, आणि एरवी खड्डा दिसतो, हा आपल्याकडं जास्त मोठा फायदा. विजेचा झटका देणारी स्टन गन मला पसंत नाही. ती माणसाच्या अंगाला टेकवावी लागते, आणि आपल्याला तर तो जवळच यायला नकोय. जाड कपड्यावरून तिचा भरवसाही नाही. बोटांत किल्ल्या धरायचा सल्ला मोबाईलवर फिरतो, त्यात आपलीच बोटं सोलतात. चाकू तर नाहीच. हिसकावला की तो त्याचा.

कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये. त्यातलं ३७ वाचा : बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. तो पळायला लागल्यावर मागं धावून फवारलं तर तुमचा बचाव संपलेला असतो. २०२४ मध्येच कर्नाटक उच्च न्यायालयानं भांडणात स्प्रे मारल्याचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. जिवाला धोका नव्हता, आणि स्प्रे हेही घातक हत्यार ठरू शकतं, असं म्हटलं. पार्किंगच्या वादात आणि नळावरच्या भांडणात तो बाहेर काढायचा नाही.

फोनवर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ दाबायचं. २०१७ पासून विकलेल्या फोनमध्ये ही सोय असायलाच हवी असा नियम आहे. घरी गेल्यावर सेटिंगमध्ये बघून घ्या, कुणाचा नंबर घातलाय तेही बघा. मागं एकीनं स्वतःचाच घातला होता.

एक मिनिट, हे राहिलं तर मला झोप लागायची नाही. बलात्काराच्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडे वर्षानुवर्षं सांगतात. शेजारी, नातलग, साहेब. तिथं शिट्टी फुंकायला हात धजत नाही, कारण ‘लोक काय म्हणतील’ आधी येतं. त्यासाठी १८१ हा महिला मदतीचा नंबर आहे, निर्भया पथक आहे, आणि पोरीनं ‘अमुक काकांकडं मला जायचं नाही’ म्हटलं तर कारण न विचारता तिला घरी ठेवणारी आई आहे. कारण नंतर विचारा.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या, म्हणजे मी थांबते. प्रश्न खाली पायरीवर विचारा. ज्यांनी स्प्रे आणलाय त्यांनी तो घेऊन मागच्या मोकळ्या जागेत या, भिंतीवर कागद चिकटवलाय. टोपण एका अंगठ्यानं उघडता येतं का ते प्रत्येकीनं बघायचं आणि एकच फवारा मारायचा. आधी पदर वर धरून वारा कुठून येतोय ते बघा. आणि वॉचमनदादा, तुम्ही त्या बाजूला उभं राहू नका.